मालाला हात लावू नये

भेंडीचं टोक मोडून न बघता भेंडी घेणाऱ्या माणसाबद्दल आमच्या घरात फारसं चांगलं बोललं जात नाही. टोक मोडायचं, दुधीला नख लावायचं, नारळ कानाशी हलवायचा, कलिंगडावर टिचक्या मारून आतला आवाज ऐकायचा आणि त्या आवाजातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही हे विक्रेत्याला कळू न देता “हं… हे नको, ते पलीकडचं द्या” म्हणायचं, याला आम्ही बाजारहाट म्हणतो. पैसे देणं हा त्यातला सगळ्यात किरकोळ भाग, आणि तोही होता होईल तो लांबवायचा. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी आली आणि नेमका तेवढाच भाग शिल्लक राहिला.

आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात गाडीपुढे उलटे क्रेट रचले, त्यांना सुतळी बांधली आणि सुतळीच्या आत येणाऱ्यासाठी एक वेताची काठी हाताशी ठेवली.

“मावशी, भेंडी कोवळी आहे ना?”

“कोवळीच हाय.”

“बघू जरा.”

“बघा की. डोळ्यांनी बघा.”

“टोक मोडल्याशिवाय कळणार कसं?”

“मी मोडते. तुम्ही ऐका.”

मावशींनी तराजूशेजारी वेगळी ठेवलेली एक भेंडी उचलली, माझ्याकडे रोखून बघत कट्कन मोडली आणि अर्धा किलो भलत्याच ढिगातली तोलली. घरी ती भेंडी विळीला दाद देईना, तेव्हा बायकोने विचारलं, “भाजीला आणलीत की बियाण्याला?”

आंब्याच्या मोसमात तर फारच पंचाईत झाली. हापूस देठाशी हुंगल्याशिवाय घेणं म्हणजे पत्रिका सोडाच, मुलगीही न बघता लग्न लावणं. पण नाकावर तीनपदरी कापड, आणि त्या कापडाला आमच्याच घरच्या साबणाचा वास. मी फळ उचलून मास्कवर दाबलं, खोल श्वास घेतला आणि निराश होऊन जरा मोठ्याने म्हणालो, “याला काही वासच येत नाहीये हो!”

तोवर वास जाणं हे कशाचं लक्षण आहे हे घरोघर पाठ झालेलं होतं. माझ्यामागची रांग बघता बघता विरळ झाली. विक्रेत्याने माझ्या हातातला आंबा परत घ्यायला नकार दिला, तो मला भेट म्हणून दिला आणि पेटीही स्वस्तात लावली. एवढी सूट मला आयुष्यात कुणी दिली नव्हती. पुढच्या गाडीवर हाच प्रयोग करावा असं मनात आलं होतं, पण बायको बरोबर होती.

आता ते गोल. दुकानापुढे चुन्याचे, रंगाचे, काही ठिकाणी रांगोळीचे गोल आले. दोन गोलांत सहा फूट अंतर राखायचं असं सरकारी म्हणणं होतं; आमच्या वाण्याचा ओटाच मुळी सहा फुटांचा, त्यामुळे दुसरा गोल शेजारच्या दवाखान्याच्या पायरीवर आणि तिसरा थेट चेंबरच्या झाकणावर आखला गेला. गोलात गिऱ्हाइकाने उभं राहायचं, अशी मूळ कल्पना. पण एप्रिल-मेच्या उन्हात गोलात माणूस उभा राहत नाही, पिशवी उभी राहते. पहिल्या गोलात पिशवी, दुसऱ्यात चप्पल, तिसऱ्यात वीट, चौथ्यात नातवाचा प्लास्टिकचा डबा. पिशव्या एकमेकींपासून काटेकोर सहा फुटांवर, आणि पिशव्यांचे मालक पलीकडे एका गुलमोहराखाली खांद्याला खांदा लावून “लोकांना शिस्त म्हणून नाही” या विषयावर बोलत उभे.

“ही पिशवी कुणाची? पुढे सरकवा!” वाणी ओरडायचा.

“पिशवी माझी, पण नंबर वहिनींचा. वहिनींची चप्पल माझ्या पुढे आहे.”

“मग वीट कुणाची?”

विटेला मालकच नव्हता. ती आदल्या दिवसापासून तिथे होती आणि दोन-तीन माणसं तिच्यामागे निमूट नंबर लावून होती. त्यातला एक मी.

खरी शिस्त पाहायची तर ४ मे २०२०ला पाहायला हवी होती. त्या दिवशी राज्यात ठिकठिकाणी दारूची दुकानं उघडली. भल्या सकाळपासून लोक रांगेत, डोक्यावर रुमाल, छत्र्या, आणि एकही जण गोल सोडून सावलीला गेला नाही. दुधाच्या रांगेत “मी फक्त विचारायला आलोय” म्हणून घुसणारे आमच्या वाड्यातले एक ज्येष्ठ गृहस्थ तिथे स्वतःच्या गोलात ताठ उभे होते. पुढे मुंबईत दोनच दिवसांत ती दुकानं पुन्हा बंद करावी लागली, म्हणजे शिस्तही कधीकधी जरा जास्तच होते.

मास्कमुळे आवाजाचं जे व्हायचं ते झालं. वाण्याच्या तोंडावर मास्क, त्यापुढे छताला टांगलेला प्लास्टिकचा पडदा, पडद्यापुढे दोरी, दोरीपुढे मी, माझ्या तोंडावर मास्क. 

“रवा आहे का?”

“हवा कुठाय? पंखा बंद केलाय. वरून आदेश आहे.”

“रवा, रवा! अर्धा किलो!”

“अहो, घाई काय एवढी? सांगतो ना, बंद आहे!”

शेवटी त्याने युक्ती काढली: ऐकू येईना की मास्क हनुवटीवर ओढायचा, दोरीवरून माझ्याकडे वाकायचं आणि विचारायचं, “हां, बोला?” मग मीही सौजन्य म्हणून माझा मास्क खाली घ्यायचो. बोलणं संपलं की दोघंही मास्क नीट वर चढवून सुरक्षित गप्प बसायचो. गावात सगळीकडे हेच चाललं होतं. माणसं गप्प असताना मास्क लावत आणि बोलायला, शिंकायला, पोलिसाला “मास्क आहे ना साहेब, हा काय!” असं सांगायला तो काढत. पुण्यात विनामास्क दंड ५०० रुपये होता. पोलिसाशी हुज्जत घालताना आवाज स्पष्ट जावा म्हणून मास्क काढल्याने पकडलेलाही एक इसम माझ्या परिचयाचा आहे.

इतर गावांतल्या लोकांना या नियमांचा त्रास झाला असेल. पुण्यात झाला तो फक्त गिऱ्हाइकांना. दुकानदारांच्या चेहऱ्यावर, म्हणजे मास्कच्या वर दिसणाऱ्या भागावर, मला एक वेगळंच समाधान दिसत होतं, आणि त्याचा उलगडा व्हायला मला जून उजाडावा लागला. मालाला हात लावू नये. दुकानात विनाकारण उभे राहू नये. लहान मुलांना आणू नये. सुटे पैसे द्यावेत. एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. या पाट्या आमच्याकडे आजोबांच्या काळापासून लटकत होत्या आणि बाहेरगावचे लोक त्यांचे फोटो काढून हसत होते. ३१ मे २०२०ला राज्य सरकारने ‘मिशन बिगिन अगेन’चा आदेश काढला. त्यात लिहिलं होतं की कपड्यांच्या दुकानांत ट्रायल रूम वापरता येणार नाहीत, आणि माल बदलून द्यायला किंवा परत घ्यायला परवानगी नाही. दुकानं ९ ते ५. खरेदीला शक्यतो चालत किंवा सायकलवर जा, लांब जाऊ नका, जवळच्याच दुकानात घ्या.

पुणेरी व्यापाऱ्याचं म्हणणं कुठल्याही सरकारने इतक्या तपशिलात आजवर मान्य केलं नव्हतं.

याच आदेशाखाली मी पँट घ्यायला गेलो. घरातल्या घरात महिनेच्या महिने लेंग्यावर काढल्यानंतर एक दिवस कपाटातल्या पँटा काढून बघितल्या, तर त्या सगळ्या आटल्या होत्या. कपाटाला ओल आली असणार. पेठेतल्या एका जुन्या दुकानात गेलो. पूर्वी इथे गादीवर बसवून पाणी विचारत. आता दारात एक टेबल आडवं टाकून पलीकडे विक्रेता उभा होता.

“कंबर किती?”

“चौतीस.”

त्याने टेबलापलीकडून माझ्या कंबरेकडे पाहिलं. मास्कमुळे फक्त डोळे दिसत होते, पण तेवढे पुष्कळ होते.

“ही मार्चची सांगताय का?”

“म्हणजे?”

“नाही, सगळेच मार्चची सांगतात. अडतीस देऊ?”

“अडतीस कसली? चौतीस नसेल तर पस्तीस.”

“पस्तीस येत नाही. बरं, तुमचं नको, माझं नको, छत्तीस घ्या.”

किंमत तर छापील. तिच्यात एक रुपयाची घासाघीस शक्य नव्हती, म्हणून आम्ही दोघं कंबरेची घासाघीस करत होतो. टेप लावून बघा म्हटलं तर टेप लावायला सहा फुटांच्या आत यावं लागतं. त्याने टेपचं एक टोक स्वतःकडे धरून दुसरं माझ्याकडे फेकलं आणि म्हणाला, “गुंडाळा आणि आकडा सांगा.” मी गुंडाळला, पोट आत घेतलं आणि आकडा सांगितला.

“आता श्वास सोडा आणि परत सांगा.”

मी परत सांगितला नाही. माझाही काही स्वाभिमान आहे. छत्तीसवर सौदा झाला.

“बघा बरं, काका. घालून बघता यायचं नाही. थोडी ताणली जाईल.”

“ताणली तर ताणली.”

“पँट नाही हो. तुम्ही.”

घरी पँट गुडघ्यांपर्यंत उत्तम बसली, मांड्यांपाशी तिने विचार केला आणि कंबरेपाशी स्पष्ट नकार दिला. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर बंद; ते का, ते पुढे सांगतो. त्याच्या पुढच्या दिवशी गेलो. विक्रेत्याने काही न बोलता भिंतीकडे बोट केलं. तिथे जुनी ‘विकलेला माल’वाली पाटी होती आणि तिच्या शेजारी, प्लास्टिकमध्ये घालून, शासनाचा आदेश. संबंधित ओळीला पिवळी रेघ.

“हे तर तुमच्याकडे आधीपासूनच होतं,” मी म्हणालो.

“आधी नुसतं आमचं होतं,” तो म्हणाला, “आता मुख्य सचिवांच्या सहीचं आहे.”

“मग या पँटचं मी करू काय?”

“सकाळी चालायला जात जा. आदेशात तेही आहे.”

तर, दुसऱ्या दिवशी दुकान बंद का होतं? कारण ती तारीख त्याच्या बाजूची नव्हती. रस्त्याच्या एका अंगाची दुकानं विषम तारखेला उघडायची आणि दुसऱ्या अंगाची सम तारखेला, असा नियम होता. गर्दी निम्मी व्हावी हा हेतू. नियम करणारा गृहस्थ बायकोबरोबर कधी ब्लाउजपीस घ्यायला गेलेला नसावा. कारण साडीचं दुकान विषम अंगाला, मॅचिंग सेंटर सम अंगाला, आणि फॉल-पिको करणारा बोळात. बोळ कुठल्या तारखेचा, याबद्दल पेठेत दोन मतप्रवाह होते.

बायकोने विषम तारखेला साडी घेतली आणि रस्त्यातच उभी राहिली, कारण समोर मॅचिंग सेंटरचं शटर गुडघाभर वर होतं. आत ‘साफसफाई’ चालली होती. तिने साडीचा पदर घडीतून काढून उन्हात धरला. शटरखालून एक हात बाहेर आला. हातात अस्तराचा एक ताका.

“हा नको! हा मोरपिशीवर जातोय!” बायको रस्त्याच्या अलीकडून.

हात आत गेला. दुसरा ताका बाहेर आला.

“जरा फिका आहे का यात?”

हात पुन्हा आत. आमच्यात चांगलं तीस फुटांचं अंतर होतं, म्हणजे सरकारी नियमाच्या पाचपट. चौथ्या की पाचव्या ताक्याला कोपऱ्यावरचा हवालदार आला आणि शटरपुढे काठी आपटून म्हणाला, “काय चाललंय?” हात चटकन आत गेला, आणि क्षणभराने हातात झाडू घेऊन बाहेर आला.

“उद्या या, ताई,” झाडूमागून आवाज आला. “डावीकडून दुसऱ्या कप्प्यात ठेवतो.”

चौकातल्या एका दुकानाला दोन रस्त्यांवर दोन दारं होती. एक दार सम पडलं, एक विषम. मालक रोज दुकान उघडायचा, फक्त दार बदलायचा, आणि विचारलं की म्हणायचा, “आम्ही एक दिवसाआडच उघडतो. दार.” शिवाय महिना ३१ दिवसांचा आला की विषमवाल्यांची चंगळ. ३१ तारीख विषम, दुसऱ्या दिवशीची १ तारीखही विषम. सलग दोन दिवस धंदा! समोरचे समवाले आपापल्या बंद पायऱ्यांवर बसून कॅलेंडर बनवणाऱ्याला शिव्या घालत. हे गाऱ्हाणं घेऊन महापालिकेत जायचं की पंचांगकर्त्यांकडे, यावर त्यांची बैठकही झाली म्हणतात. अर्थात अंतर ठेवून.

दारावरची तपासणी हा मात्र सगळीकडचा प्रकार. बंदूक कपाळाला लावून “आत जाऊ का?” असं हसतमुखाने विचारण्याची सवय आपल्याला एवढ्या लवकर कशी लागली याचं मला नवल वाटतं. मोठ्या किराणा दुकानाच्या दारात रखवालदाराने ती माझ्या कपाळावर रोखली.

“किती आला?”

“ब्याण्णव पॉइंट चार.”

शरीराचं तापमान ९५ फॅरनहाइटच्या खाली गेलं की त्याला डॉक्टर हायपोथर्मिया म्हणतात. मे महिन्याच्या उन्हातून घामाघूम होऊन आलेला मी वैद्यकशास्त्राप्रमाणे त्या क्षणी थंडीने गारठून कोसळायला हवा होतो. रखवालदार म्हणाला, “ओके. नॉर्मल. सही करा.”

सहीचं एक रजिस्टर होतं. नाव, फोन, वेळ, तापमान. आधी हातावर सॅनिटायझर घ्यायचं, ते कोपरापर्यंत चोळायचं, आणि मग त्या निर्जंतुक हाताने सुतळीने टेबलाला बांधलेलं बॉलपेन उचलायचं, जे सकाळपासून अख्ख्या पेठेने हाताळलेलं असायचं. काहींनी ते दातात धरून विचारही केला असावा, कारण टोपणावर खुणा होत्या. तापमानाच्या रकान्यात सर्वांत वर ९७.२ आणि त्याखाली पान संपेपर्यंत ‘वरीलप्रमाणे’च्या दोन-दोन रेघा. माझ्या ब्याण्णव पॉइंट चारलाही रखवालदाराने वरीलप्रमाणेच केलं. तापाच्या बाबतीत इतकी समता मी पूर्वी पाहिलेली नाही.

गर्दी टाळण्याची सर्वांत मोठी गर्दी आम्ही जुलै २०२०मध्ये केली. १० जुलैला जाहीर झालं की १३ तारखेच्या मध्यरात्रीपासून पुणे आणि पिंपरी-चिंचवड १० दिवस पुन्हा बंद. खरं तर दूध-औषधं मिळणारच होती. तरी तासाभरात रस्ता फुलला. मी पिशव्या घेऊन पोचलो तेव्हा वाण्याच्या दुकानापुढचे गोल माणसांखाली दिसेनासे झाले होते.

“काय हो, एवढी गर्दी?” मी पुढच्याला विचारलं.

“म्हणून तर आजच आलो. उद्या फार होईल.”

“बरोबर. मीही म्हटलं, गर्दीच्या आधी उरकून घ्यावं.”

“लोकांना कळतच नाही हो,” तो म्हणाला. मी ते माझ्या मागच्याला सांगितलं, त्याने त्याच्या मागच्याला, आणि अशा रीतीने लोकांना कळत नाही हे रांगेतल्या सगळ्या लोकांना कळलं. आमच्याकडे साबुदाणा लागतो तो एकादशीपुरता. पण माझ्या पुढच्याने दोन किलो घेतला म्हणून मी तीन किलो घेतला. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं आणि वाण्याला म्हणाला, “आणखी दोन करा.” दिवाळीपर्यंत आमच्या घरी उपास नसलेल्या दिवशीही उपास होता.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये याच्यावर कडी झाली. गर्दी होऊ नये म्हणून किराणा-भाजीची वेळ सकाळी ७ ते ११ एवढीच ठेवली. म्हणजे दिवसभर जे लोक सुटे सुटे यायचे, त्यांना एकाच वेळी बोलावलं. अकराला पाच कमी असताना शटर अर्ध्यावर यायचं आणि आवाज चढायचे. “गूळ राहिला!” “माझे सुटे!” “अहो, मी आत आहे, मी आत आहे!” यातला शेवटचा आवाज माझा. वाण्याने मला शटरखालून बाहेर काढलं तेव्हा माझी पिशवी आतच राहिली, आणि ती दुसऱ्या दिवशी सातपर्यंत मिळणार नव्हती. पिशवीत दही होतं.

आणलेला माल घरात घेणं हा वेगळाच सोहळा. बाल्कनीचं विलगीकरण कक्षात रूपांतर झालं होतं. बिस्किटांचे पुडे तिथे तीन-तीन दिवस लक्षणं दिसतात का याची वाट बघत पडायचे. दुधाच्या पिशव्यांना साबणाची आंघोळ, नोटा दोरीवर चिमट्याने, नाणी सॅनिटायझरच्या वाटीत. भाजी साबणाने धुऊ नका, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने स्पष्ट सांगितलं होतं. पण आमच्या घरात त्याहून वरिष्ठ प्राधिकरण आहे. एकदा कोथिंबिरीच्या चटणीला मिक्सरमध्ये फेस आला. “ताजी आहे म्हणून,” प्राधिकरण म्हणालं. सगळा माल धुऊन झाल्यावर सर्वांत शेवटी मी. मला दारातच कपडे काढायला लावून थेट न्हाणीघरात पाठवत, आणि वाटेत भिंतीला हात लागला तर भिंतही पुसत.

मॉलबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण मी तिथे पूर्वीही फक्त गारव्याला आणि सरकत्या जिन्यावरून खाली-वर करायला जात असे. १५ ऑगस्ट २०२१पासून आत जायला दोन डोस आणि त्यानंतर १४ दिवस झाल्याचा दाखला लागायचा. अठराखालच्यांना तेव्हा लस नव्हतीच, म्हणून त्यांनी वयाचा पुरावा दाखवायचा. आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा सतरा पूर्ण, दाढी राखलेला, वर्षभर आईवडिलांशी “मी आता लहान नाही” या एकाच मुद्द्यावर भांडत असलेला. त्याला मॉलच्या दारात, मैत्रिणीच्या देखत, आधार कार्ड काढून “अहो, मी लहानच आहे” असं रखवालदाराला पटवावं लागलं. रखवालदाराला पटेना. “दाढी काढून ये,” तो म्हणाला. मैत्रीण अठराची होती. ती आत गेली.

२०२२च्या गुढीपाडव्याला, २ एप्रिलला, राज्यातले निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला. गोल पावसाने आणि चपलांनी आधीच पुसले होते. मावशींचे क्रेट गेले, काठी मात्र राहिली. वाण्याने दोरी सोडलेली नाही. विचारलं तर म्हणतो, “राहू दे. गिऱ्हाईक लांबून बरं दिसतं.” 

दोरीपलीकडे आता बहुतेक वेळ त्याच्याकडचा पोरगा असतो. तो टाळेबंदीच्या मधल्या काळात कामाला लागला, आणि इतके दिवस मला दारातून हाक मारून “काका, यादी?” विचारायचा. पाडव्यानंतर पहिल्यांदा मी उघड्या तोंडाने दुकानात गेलो. दोन वर्षांत कुणी न पाहिलेली दाढी मुद्दाम करून गेलो होतो.

“काय पाहिजे?” तो अगदी परक्यासारखं म्हणाला.

“अरे, मी! नेहमीचा. चणाडाळ एक किलो, शेंगदाणे अर्धा. आणि लिहून ठेव.”

“उधारी ओळखीच्यालाच आहे, साहेब.”

“मी ओळखीचाच आहे! वही काढ. बघ नाव.”

त्याने वही काढली, बोटाने खाली-खाली सरकत गेला. नावं अशी होती: ‘चष्मा-वाफ’, ‘गुलाबी फुलं मास्क’, ‘नाक बाहेर काकू’, ‘खोकला आजोबा’. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं. मी वाकून बघू लागलो तर त्याने वही मिटली. म्हणून मी खिशातला चौकड्यांचा रुमाल काढला, नाकावर धरला आणि डोळे वटारून त्याच्याकडे बघत राहिलो. पोराचा चेहरा उजळला.

“हां! निळा चौकडा! आधी सांगायचं ना, काका!” त्याने वही उघडली. “तुमचे मागचे एकशेऐंशी बाकी आहेत. आणि साबुदाणा घेता का? तुम्हाला फार लागतो.”